दोन फिरत्या पाचरींनी लेझरचा झोत वळवायचा कसा: काच निवडण्यापासून शून्य लावण्यापर्यंत

लेझरचा ठिपका भिंतीवर हव्या त्या जागी नेऊन ठेवायचा म्हटलं की आधी आरसा आठवतो. आरसा कलला की झोत त्याच्या दुप्पट कोनात वळतो. हालचाल झटपट होते, पण आरशाच्या सांध्यात जरा ढिलाई असेल तर तीही ठिपक्यात दुपटीने उतरते. दुसरा मार्ग काचेच्या पाचरींचा. एका बाजूला जाड आणि समोरच्या बाजूला पातळ अशा दोन गोल काचा एकाच अक्षावर एकामागे एक ठेवायच्या, प्रत्येकीला आपापल्या चाकात बसवायचं आणि फक्त फिरवायचं. झोत काचांमधून आरपार जातो. चाकं फिरवून तो एका शंकूच्या आतल्या कुठल्याही दिशेला नेता येतो.

ही जोडी रिस्ले लोलक (प्रिझम) म्हणून ओळखली जाते. फिलाडेल्फियाचे नेत्रतज्ज्ञ सॅम्युएल रिस्ले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डोळ्यांच्या स्नायूंचा तोल मोजण्यासाठी ती वापरात आणली. डोळे तपासताना तोंडासमोर जे भिंगांचं मोठं यंत्र येतं, त्यात आजही असे फिरते लोलक असतात. पुढे हीच कल्पना बरीच फिरली. लिव्हॉक्स कंपनीचा मिड-४० हा लायडार, म्हणजे लेझरने अंतरं मोजणारा सेन्सर, फिरत्या लोलकांनी ३८.४ अंशांचं गोल क्षेत्र फुलाच्या नक्षीत चाळतो. ग्रहांचे फोटो काढणारे हौशी निरीक्षक दुर्बिणीत दोन पाचरी एकमेकींविरुद्ध वळवून, क्षितिजाजवळच्या ग्रहाला वातावरणामुळे आलेली रंगीत किनार पुसतात. धातूत गोल भोक पाडणारे लेझरही झोत असाच फिरवतात.

घरच्या टेबलावर ही जोडी बांधायचं मला वाटणारं सगळ्यात मोठं कारण असं की हिच्यात जवळपास सगळ्या चुका खपून जातात. काच मधोमध बसली नाही तरी चालतं, किंचित तिरकी बसली तरी चालतं. माफी नाही ती एकाच गोष्टीला: चाक नेमकं किती कोनात आहे हे तुम्हाला ठाऊक असायलाच हवं. म्हणून या लेखात सुतारकामापेक्षा शून्य लावण्यावर जास्त जागा खर्च केली आहे.

आधी डोळे

१ मिलिवॉटच्या आतला, वर्ग २ चा लाल लेझर घ्या. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचं साधं मॉड्युल पुरतं. रस्त्यावर मिळणारे हिरवे पॉइंटर या कामाला नकोत. त्यांच्यावर छापलेली ताकद बहुधा खरी नसते, आणि स्वस्त हिरव्या पॉइंटरमधून न दिसणारा अवरक्त प्रकाशही बाहेर पडतो. आपला झोत मोटरने फिरणार आहे. प्रोग्राम अडकला किंवा बेल्ट निसटला तर तो कुठे जाईल ते हातात राहत नाही. म्हणून पूर्ण शंकू आणि त्याच्या भोवतालची बरीच जागा भिंतीतच संपेल अशी मांडणी करा, उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या खाली ठेवा, चकचकीत फर्निचर बाजूला करा आणि चालू असताना काचांच्या आत डोकावू नका. गेल्या काही वर्षांत विसर्जन मिरवणुकांतल्या लेझर दिव्यांनी डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याच्या तक्रारी आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांकडे आल्या, आणि पुणे पोलिसांनी मिरवणुकीत असे झोत वापरायला बंदीही केली. गच्चीवरून आकाशात झोत सोडायचा नाही. विमानांच्या मार्गात तो गुन्हा आहे.

एक पाचर काय करते

बारीक कोनाच्या पाचरीसाठी हिशोब सोपा आहे (विचलन म्हणजे झोत वळतो तो कोन, अपवर्तनांक म्हणजे काच प्रकाशाला किती वाकवते त्याचा आकडा):

विचलन = (अपवर्तनांक − १) × पाचरीचा कोन

बीके७ ही प्रकाशीय कामाची नेहमीची काच. ६५० नॅनोमीटरला तिचा अपवर्तनांक १.५१४५ आहे. पाचरीचा कोन ३ अंश ५३ मिनिटं, म्हणजे ३.८८ अंश असेल तर झोत २ अंशांनी वळतो. '२ अंश विचलन' म्हणून विकली जाणारी पाचर हीच. झोत नेहमी जाड कडेकडे वळतो, हे लक्षात ठेवा. पुढचे सगळे कोन आपण जाड कडेच्या दिशेवरून मोजणार आहोत.

काच हातात आली की आधी जाड कड शोधा. २५.४ मिमी व्यासाच्या या पाचरीत एक कड समोरच्या कडेपेक्षा १.७ मिमीने जाड असते. काच बोटांत फिरवली तर हा फरक डोळ्यांनाही दिसतो, पण डोळ्यांवर सोडू नका. डिजिटल व्हर्निअरच्या जबड्यात कागदाची घडी घालून कड मोजत काच हळूहळू वळवा. आकडा वाढत जाऊन जिथे टेकतो तिथे कडेवर पेन्सिलीने खूण करा. टोकाला आकडा काही अंशांपर्यंत जागचा हलत नाही, म्हणून ही खूण पाचेक अंशांनी चुकू शकते. तूर्त तेवढी पुरे. खरी दिशा पुढे भिंतच सांगेल.

प्रकाशीय काच महाग वाटली तर चष्म्याच्या दुकानातल्या ट्रायल सेटमधल्या प्रिझमच्या काचा पाहा. त्यांच्यावर शक्ती प्रिझम डायॉप्टरमध्ये लिहिलेली असते. १ डायॉप्टर म्हणजे १ मीटरवर १ सेंटिमीटर सरकणं, साधारण ०.५७ अंश. ४ डायॉप्टरच्या दोन काचांनी प्रत्येकी २.३ अंश मिळतात, आणि जाड कडेची दिशा चौकटीवर खुणेने दाखवलेली असते. सुट्या काचाही मिळतात. ॲक्रिलिकच्या घरी कापून घासलेल्या पाचरींच्या नादी मात्र लागू नका. पृष्ठभाग सपाट नसतो, त्यामुळे ठिपका फाटतो आणि चाक फिरेल तसा त्याचा आकार बदलत राहतो.

मोटरीआधी हातानेच

हा भाग वगळू नका. नंतर स्क्रीनवर काय चुकतंय ते ओळखायला हीच अर्ध्या तासाची ओळख कामी येते.

लेझर घट्ट बांधा. समोर ३ मीटरवर भिंतीला पांढरा कागद लावा आणि नुसत्या झोताचा ठिपका पडतो तिथे फुली मारा. हा आपला मध्य. आता एक पाचर झोतात धरा. ठिपका १०.५ सेंटिमीटर सरकेल. काच स्वतःभोवती फिरवा, ठिपका मध्याभोवती वर्तुळ काढील. मग काच न फिरवता थोडी डावी-उजवीकडे सरकवा. ठिपका जागचा हलत नाही, कारण पाचरीत झोत कुठेही शिरला तरी तेवढाच वळतो. आता काच किंचित तिरकी करा. तरीही ठिपका जवळपास तिथेच. पाचर १ अंशाने कलली तर ३ मीटरवर फरक मिलिमीटरभरही पडत नाही. आरसा १ अंशाने कलला असता तर ठिपका १० सेंटिमीटर दूर गेला असता.

आता दुसरी पाचर पहिलीच्या पुढे धरा. दोघींच्या जाड कडा एकाच बाजूला केल्या की ठिपका मध्यापासून २१ सेंटिमीटरवर जातो, ४ अंश. जाड कडा समोरासमोर आणल्या की दोन्ही वळणं एकमेकांना खातात आणि ठिपका मध्यावर परततो. दोन्ही काचा एकदम, त्यांच्यातला कोन तोच राखून फिरवल्या तर ठिपका वर्तुळ काढतो. दोघींमधला कोन बदलला तर वर्तुळ लहान-मोठं होतं. सगळं यंत्र एवढंच आहे: दोघींमधला कोन अंतर ठरवतो, दोघींच्या कोनांची सरासरी दिशा ठरवते.

सामान आणि जोडणी

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, नाहीतर ऑनलाइन, बाकी सगळं सहज मिळतं. पावलापावलाने फिरणाऱ्या दोन नेमा १७ स्टेपर मोटरी, त्यांना चालवणारे दोन टीएमसी२२०९ ड्रायव्हर, प्रोग्रामसाठी एक ईएसपी३२ बोर्ड, १२ व्होल्टचा सप्लाय, ६८०६ नंबरची दोन बेअरिंगं, २० दात्यांच्या दोन जीटी२ पुली, दोन बंद बेल्ट, चुंबक जवळ आलं की कळवणारे दोन हॉल सेन्सर आणि दोन चिमुकली चुंबकं. २८बीवायजे-४८ ही स्वस्त गिअरवाली मोटर मोह पाडते, पण तिच्या गिअरमध्ये दिशा बदलताना जाणवण्याइतका मोकळा खेळ असतो, आणि आपल्याला माफी नसलेली एकमेव गोष्ट नेमकी तीच आहे. ती नको.

६८०६ बेअरिंगचं भोक ३० मिमी, बाहेरचा व्यास ४२ मिमी, रुंदी ७ मिमी. त्रिमितीय छपाईने एक नळी काढा: बाहेरून ३० मिमी, आतून २५.५ मिमी, म्हणजे पाचर आत बसते आणि नळी बेअरिंगच्या आतल्या कड्यात घट्ट जाते. नळीच्याच एका टोकाला ८० दात्यांची जीटी२ पुली छापा. तिचा व्यास ५१ मिमीच्या आसपास येतो. आधी फक्त ५ मिमी उंचीचं कडं छापून बेअरिंगमध्ये बसवून पाहा. प्रत्येक प्रिंटर थोडं वेगळं माप देतो, आणि जोर लावून बसवलेल्या नळीने आतलं कडं ताणलं की बेअरिंग रडत फिरतं.

एका चाकाला एकच बेअरिंग दिलं तर चाक जरासं डुलेल. डुलू द्या. वर हातानेच पाहिलंत की काचेच्या डुलण्याने झोत हलत नाही.

काच नळीत बसवताना झटपट चिकटणारा सुपरग्लू वापरू नका. त्याची वाफ काचेवर पांढरी साय धरते आणि ती सहज निघत नाही. न्यूट्रल सिलिकॉनचे तीन ठिपके कडेला द्या आणि रात्रभर राहू द्या. वासाने आंबट लागणारं सिलिकॉनही टाळा. काच पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भिंगाचा कागद. सदऱ्याचं टोक नको.

कुठली बाजू लेझरकडे? एक बाजू अक्षाला काटकोनात असते, दुसरी तिरकी. पहिल्या पाचरीची काटकोनातली बाजू लेझरकडे ठेवा. तिच्यावरून परतलेला प्रकाश सरळ मागे लेझरच्या तोंडावर जातो आणि तिथेच संपतो. तिरकी बाजू लेझरकडे ठेवली तर ते परावर्तन साधारण ८ अंशांच्या कोनात मागे खोलीत गरगर फिरत राहतं. काचेच्या आतून परतलेला थोडा प्रकाश तरीही मागे पसरतोच. लेझर आणि पहिल्या चाकामध्ये काळ्या कार्डाचा पडदा लावा आणि त्याला ५ मिमीचं भोक पाडा, तो तिथे अडेल. दोन्ही चाकांत अंतर कमी ठेवा. २० मिमी ठेवलं तर पहिल्या पाचरीतून निघालेला झोत दुसरीवर पोहोचेपर्यंत पाऊण मिलिमीटरही सरकत नाही.

बेल्ट बोटाने दाबला तर थोडा दबेल एवढा ताणा. मोटरीच्या पट्टीला लांबट भोकं ठेवा म्हणजे ताण नंतर बदलता येईल. चुंबक पुलीच्या कडेत बसवा, सेन्सर चौकटीवर.

मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, ड्रायव्हर त्यांचे १६ भाग करतो, आणि पुलींचं प्रमाण ४ ला १ आहे. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला १२,८०० पावलं, एक पाऊल ०.०२८ अंशाचं. त्या एका पावलाने झोत किती हलतो? एका चाकाच्या पावलाने ३ मीटरवर ठिपका ०.०५ मिमी सरकतो. ठिपकाच मुळात काही मिलिमीटरचा असतो, त्यामुळे पावलं दिसतच नाहीत. तेवढ्याच कोनात आरसा फिरवला असता तर झोत ५७ पट जास्त हलला असता.

शून्य लावणं

इथे वेळ द्या. बाकी सगळं या एका टप्प्यावर उभं आहे.

दोन्ही पाचरी काढून, म्हणजे चाकांतल्या नळ्या बाहेर घेऊन, नुसता झोत भिंतीवर पाडा आणि मध्य पुन्हा नक्की करा. मध्यातून ओळंब्याने उभी रेघ आणि गुण्याने आडवी रेघ काढा. उजवीकडची आडवी रेघ म्हणजे ० अंश, वर ९०, डावीकडे १८०. हा ठरवलेला नियम शेवटपर्यंत बदलू नका.

आता फक्त पहिलं चाक बसवा. ते हॉल सेन्सरपर्यंत फिरवा आणि तिथे मोजणी शून्य करा. सेन्सरला नेहमी एकाच दिशेने भेटा. उलट दिशेने आल्यास तो थोडा वेगळ्या जागी चालू होतो. तिथून पावलापावलाने पुढे न्या. ठिपका उजव्या आडव्या रेघेवर आला की पावलं लिहून ठेवा. तसंच पुढे नेऊन डाव्या रेघेवर येतो तेव्हाची पावलंही लिहा. दोघांत ६,४०० पावलांचा फरक यायला हवा. थोडा कमी-जास्त आला तर डावीकडच्या आकड्यातून ६,४०० वजा करा आणि उजवीकडच्या आकड्याबरोबर सरासरी घ्या. ही सरासरी म्हणजे पहिल्या चाकाची शून्य-भरपाई. याच वेळी वर्तुळाचा व्यासही मोजा. ३ मीटरवर तो २०९ ते २१० मिमी भरला तर विचलन २ अंश बरोबर आहे. तुमचा आकडा वेगळा आला तर पुढच्या हिशोबात तुमचाच आकडा घाला, छापलेला नको. अंतर पाचरीपासून भिंतीपर्यंत मोजा, लेझरपासून नाही.

पहिलं चाक काढा, दुसऱ्याचं हेच सगळं करा. मग दोन्ही बसवा.

पुढची परीक्षा मला या यंत्रातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. पहिलं चाक ० अंशावर न्या, दुसरं १८० वर. सगळं बरोबर असेल तर ठिपका मध्यावरच्या फुलीवर बसेल. नाही बसला तर तो कुठल्या बाजूला गेलाय ते पाहा, चूक कुठली आहे ते तोच सांगतो. ठिपका आडव्या रेघेवरच डावी-उजवीकडे असेल तर दोन पाचरींची वळवण्याची ताकद सारखी नाही. तो उभ्या रेघेवर वर किंवा खाली असेल तर कोनाची भरपाई चुकली आहे, दर अंशाला १.८ मिमी या हिशोबाने. ठिपका मध्याच्या ३.५ मिमी वर दिसला तर दोघींपैकी एकीच्या भरपाईत २ अंशांची चूक आहे. दुसऱ्या चाकाला काही पावलं पुढे-मागे करून ठिपका आडव्या रेघेवर आणा आणि नवा आकडा साठवा.

आता दोघींमधला १८० अंशांचा फरक राखून दोन्ही चाकं एक पूर्ण फेरा एकदम फिरवा. ठिपका फुलीवरच राहायला हवा. बारीक वर्तुळ काढत असेल तर त्याची त्रिज्या म्हणजे उरलेला ताकदीतला फरक. १ टक्क्याचा फरक असेल तर ३ मीटरवर १ मिमी त्रिज्या येते. हे वर्तुळ कुठल्याही प्रोग्रामने जात नाही. त्याच्या आत ठिपका कधीच पोहोचू शकत नाही, आणि ते ठाऊक असलेलं बरं.

उलटा हिशोब

भिंतीवर एक जागा दिली, चाकं कुठे न्यायची? आधी जागेचं अंतर आणि दिशा काढा.

अंतराचा कोन = आर्कटॅन (मध्यापासूनचं अंतर ÷ भिंतीचं अंतर)

अर्धफरक = आर्ककॉस (अंतराचा कोन ÷ दोन पाचरींचं एकत्र विचलन)

पहिलं चाक = दिशा + अर्धफरक

दुसरं चाक = दिशा − अर्धफरक

एक उदाहरण पुरतं. जागा मध्याच्या उजवीकडे १० सेंमी, वर ८ सेंमी, भिंत ३ मीटरवर. मध्यापासून अंतर १२.८ सेंमी, दिशा ३८.६६ अंश. अंतराचा कोन २.४४ अंश. भागिले ४ केल्यावर ०.६११, त्याचा आर्ककॉस ५२.३३ अंश. म्हणून पहिलं चाक ९०.९९ अंशांवर, दुसरं −१३.६७, म्हणजेच ३४६.३३ अंशांवर. पावलांत ३,२३५ आणि १२,३१४. भरपाई यात मिळवा.

अर्धफरकाचं चिन्ह उलटं केलं, म्हणजे चाकांची अदलाबदल केली, तरी ठिपका तिथेच पडतो. प्रत्येक जागेला असे दोन उपाय आहेत. मार्गाच्या मध्येच प्रोग्रामने एका उपायावरून दुसऱ्यावर उडी मारली तर चाकं विनाकारण धावतात आणि ठिपका वेड्यासारखा फिरून येतो. म्हणून प्रत्येक नव्या बिंदूला दोन्ही उपाय काढा, ३६० अंश मिळवून-वजा करून आत्ताच्या स्थितीच्या सगळ्यात जवळचा निवडा. बहुतेकांचा ठिपका जिथे 'मध्येच पिसाळतो' तिथे दोष या एका ओळीचा असतो.

हे समीकरण बारीक कोनांसाठी आहे. ४ अंशांच्या आवाक्यात ते भिंतीवर चित्र काढायला पुरतं. मोठ्या पाचरी घेतल्या तर प्रत्येक पृष्ठभागावर अपवर्तनाचा पूर्ण नियम लावून किरण पुढे न्यावा लागतो.

मध्य आणि कड यांपासून दूर राहा

ठिपका मध्याजवळून नेताना दिशा झपाट्याने बदलते आणि दोन्ही चाकांना तिच्यामागे पळावं लागतं. ठिपका सेकंदाला १० सेंमी वेगाने मध्यापासून ५ सेंमीवरून जात असेल तर चाकांना मिनिटाला १९ फेरे पुरतात. तोच मार्ग मध्यापासून ५ मिलिमीटरवरून गेला तर १९१ फेरे लागतात, म्हणजे मोटरीला ७६४. मोटर पावलं चुकवते, आणि चुकलेलं पाऊल तुम्हाला कळतही नाही, कारण सेन्सर फेऱ्यात एकदाच बोलतो. मजा अशी की अगदी मध्यातून जाणारी सरळ रेघ सोपी आहे: अर्धफरक ९० अंशांच्या पुढे जाऊ द्या, चाकं न थबकता ठिपका पलीकडे नेतात. त्रास फक्त मध्याला चाटून जाणाऱ्या मार्गाचा.

बाहेरच्या कडेला वेगळी गोष्ट. तिथे दोन्ही वळणं एकाच दिशेला असतात आणि चाकं थोडी हलली तर ठिपका आत-बाहेर हलतच नाही. त्रिज्येच्या ९५ टक्क्यांवर आत-बाहेर सरकायला मध्याच्या तुलनेत तिप्पटीहून जास्त फिरावं लागतं.

माझा सल्ला असा की चित्र मध्यावर ठेवूच नका. लेझरचं सगळं बूड थोडं वळवा, म्हणजे काम करायची जागा त्रिज्येच्या १५ ते ९० टक्क्यांच्या पट्ट्यात एका बाजूला येईल. आकाशातल्या वस्तूचा पाठलाग करणाऱ्या व्यावसायिक यंत्रांत ही सोय नसते, तिथे याचसाठी तिसरी पाचर घालतात.

नक्षी

दोन्ही चाकं सतत फिरत ठेवली की काही न मोजता चित्रं मिळतात. सारखा वेग, एकच दिशा: वर्तुळ. सारखा वेग, उलट दिशा: सरळ रेघ, टोकांना उजळ, कारण तिथे ठिपका रेंगाळतो. दुसरं चाक उलट दिशेने दुप्पट वेगात फिरवलं तर तीन पाकळ्या, तिप्पट वेगात चार. पाकळ्या नेहमी पटीपेक्षा एकने जास्त. एकाच दिशेने फिरवलं तर एकने कमी. वेगांचं प्रमाण पूर्ण संख्येहून किंचित वेगळं असेल तर फूल प्रत्येक फेऱ्याला थोडं सरकतं आणि हळूहळू सगळी चकती भरून काढतं. लायडारमध्ये नेमकं हेच हवं असतं.

चाकं मिनिटाला ६० फेऱ्यांनी फिरवली तर प्रत्येक मोटरीला सेकंदाला १२,८०० पावलं द्यावी लागतात. साध्या अर्डुइनो उनो बोर्डाला ते जड जातं, म्हणून वर ईएसपी३२ सांगितला. या वेगात डोळ्याला धावता ठिपका दिसतो, फूल दिसत नाही. खोलीत अंधार करा, फोन टेकवून ठेवा आणि दोन-तीन सेकंदांचं एक्स्पोजर द्या.

वेग बराच वाढवायचा असेल तर काचेचा तोल पाहावा लागतो, कारण जाड बाजू जड असते. आपल्या पाचरीत हा असमतोल ३.५ ग्रॅम-मिलिमीटर भरतो. ६० फेऱ्यांना तो जाणवतही नाही. मिनिटाला ३,००० फेऱ्यांना तो चौकटीला दर फेऱ्यात पाव न्यूटनपेक्षा जास्त हिसका देतो. नळीच्या पातळ बाजूला तेवढं वजन चिकटवलं की काम होतं.

रंग आणि भुतं

लाल लेझरच्या जागी दुसरा रंग आणला की विचलन बदलतं. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्याला अपवर्तनांक १.५१९५ लागतो. पूर्ण विचलनावर ३ मीटर दूर लाल आणि हिरव्या ठिपक्यांत २ मिमीचं अंतर पडतं, ४५० नॅनोमीटरच्या निळ्याशी ४ मिमीहून जास्त. एका रंगाला शून्य लावा, तोच वापरा. पांढऱ्या प्रकाशाचा झोत या जोडीने वळवला तर त्याला रंगीत कडा येणारच.

आवरण नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग ४ टक्के प्रकाश परतवतो. चार पृष्ठभागांत १५ टक्के जातात. त्यातला थोडा काचेच्या आत दोनदा परावर्तित होऊन पुढे निघतो आणि मुख्य ठिपक्यापासून जवळपास १२ अंशांवर, ३ मीटरवर ६० सेंटिमीटरच्याही पलीकडे, फिकट भुताचा ठिपका बनून फिरतो. तो मुख्य झोताच्या हजारात साधारण दीड भाग इतकाच असतो, तरी सुरुवातीला सांगितलेली 'भोवतालची जागा' भिंतीतच ठेवायची ती यासाठी.

ध्वनीचा झोत वळवायचा असेल तर

तत्त्व तेच, माध्यम पाणी. हवेतला आवाज घन पदार्थाच्या पाचरीत शिरतच नाही, जवळपास सगळा परततो. पाण्यातल्या अल्ट्रासाउंडला मात्र प्लास्टिकची पाचर चालते.

इथे काचेची सवय एका बाबतीत उलटी पडते. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला १,४८० मीटर, ॲक्रिलिकमध्ये २,७०० च्या आसपास. आवाज घन पदार्थात वेगाने धावतो, म्हणून अपवर्तनांक १ पेक्षा कमी, ०.५५ च्या जवळ येतो आणि झोत पातळ कडेकडे वळतो. १० अंशांची पाचर ४.५ अंश वळवते. शून्य लावताना आणि सूत्रांत दिशा पातळ कडेवरून मोजा, बाकी सगळं तसंच राहतं. सिलिकॉन रबरात आवाज पाण्यापेक्षा हळू जातो. त्याची पाचर केली तर झोत काचेसारखा जाड कडेकडे वळतो, पण रबर आवाज बराच शोषून घेतं.

ॲक्रिलिकच्या प्रत्येक पृष्ठभागावर १३ टक्के ऊर्जा परतते. पॉलिस्टायरीनसारख्या प्लास्टिकमध्ये हे ६ टक्क्यांवर येतं, म्हणून ते बरं. पाचर २० अंशांहून तिरकी करू नका. ॲक्रिलिकवर आवाज साधारण ३३ अंशांनी आला की त्याच्या दाबाच्या लहरी आत शिरायच्याच थांबतात, आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून आत आडव्या लहरी तयार होऊन झोत दुभंगायला लागतो.

वारंवारता निवडताना विचार करा. १ मेगाहर्ट्झला पाण्यातली तरंगलांबी दीड मिलिमीटर असते. २५ मिमी व्यासाच्या चकतीतून निघालेला झोत आपोआपच दोन्ही बाजूंना ४ अंश पसरतो. तुम्ही वळवताय ४.५ अंश, झोत पसरतोय ४ अंश, मग वळल्याचा उपयोग दिसणार नाही. ३ मेगाहर्ट्झला पसरण १.४ अंशांवर येते आणि वळण स्पष्ट मोजता येतं. पाचरी पाण्यात बुडवताना पृष्ठभागावर हवेचे बुडबुडे चिकटतात, आणि एवढासा बुडबुडा आवाजाला पूर्ण अडवतो. पाणी उकळून, झाकून थंड केलेलं वापरा, पाचरी टाकीत उतरवताना तिरक्या उतरवा आणि शून्य लावायच्या आधी मऊ ब्रशने दोन्ही बाजू पुसून घ्या.